तो पाइप ओढ्याला मीच जोडला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या वाचकांच्या पत्रांत मुळा-मुठेचा वास, जलपर्णी आणि डास यांवर बरंच येत आहे. कुणी निर्माल्य टाकणाऱ्यांना बोल लावतं, कुणी नदीकाठच्या वस्त्यांना, कुणी पालिकेला. सगळी पत्रं मी वाचली. त्यांत एका माणसाचा उल्लेख कुठंच नाही. घराघरातलं मैलापाणी शेवटी कुठल्या तरी पाइपातून नदीत जातं आणि तो पाइप कुणीतरी जोडलेला असतो. तो जोडणारा माझ्यासारखा प्लंबर असतो. १९८६ साली मी सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलो, मामाच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागलो आणि अडतीस वर्षं हेच काम केलं. आता गुडघे साथ देत नाहीत, धंदा मुलाकडे दिला आहे. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नाही, ते सांगायला हे पत्र लिहितो आहे. लांबेल, पण जमलं तर काटछाट न करता छापा.

१९९८ साली धनकवडीच्या बाजूला, आंबील ओढ्याला लागून असलेल्या एका इमारतीचं काम माझ्याकडे होतं. चाळीस फ्लॅट. रस्त्यावर ड्रेनेजचं चेंबर होतं, पण प्लॉटचा सगळा ढाळ मागं ओढ्याकडे. मी लेव्हल ट्यूब लावून पाहिलं, तर रस्त्यावरच्या चेंबरचा तळ आमच्या शेवटच्या चेंबरच्या तळापेक्षा अडीच फूट वर. म्हणजे पाणी रस्त्याकडे न्यायचं तर खाली टाकी बांधायची, मैल्याचा पंप बसवायचा, त्याला वीज द्यायची, रस्ता खोदायची परवानगी काढायची. इमारत बांधणाऱ्याला मी खर्च सांगितला. तो म्हणाला, "मिस्त्री, मागं एवढा ओढा आहे. पाणी आपोआप जाईल. कशाला डोकं लावता?" दोन बिगारी घेऊन रात्री साडेनऊपासून अडीचपर्यंत आम्ही नऊ इंची सिमेंटचे पाइप टाकले, शेवटचं तोंड ओढ्याच्या काठातून बाहेर काढलं आणि दिसू नये म्हणून वर दगड रचले. त्या रात्रीचे मला वरचे पाचशे रुपये मिळाले. मी ते घेतले.

त्या पाचशे रुपयांचा हिशेब मी फार उशिरा केला. इमारतीवर टाकी किती लिटरची बसवायची हे ठरवताना आम्ही माणशी दिवसाला १३५ लिटर धरतो. त्यातलं साधारण ऐंशी टक्के पाणी संडास-मोरीतून परत बाहेर येतं. घरटी चार माणसं धरली तर चाळीस घरांचं मिळून दिवसाला सतरा हजार लिटरच्या वर मैलापाणी होतं. वर्षाचं झालं तरी ६३ लाख लिटर. ती इमारत सत्तावीस वर्षं उभी आहे. आकडा पुढे मी कागदावर मांडला, पण तो बघून मला जेवण गेलं नाही. एका रात्रीच्या कामाचा हा पल्ला. आणि असे जोड मी एकच नाही केले. माझ्या कामाच्या जुन्या वह्या काढून बसलो तेव्हा चौदा सापडले. शहरात माझ्यासारखे किती मिस्त्री आहेत याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

निर्माल्य टाकणाऱ्यांवर सगळे रागावतात, कारण झेंडूचे हार पाण्यावर तरंगताना दिसतात. पाइप मातीखाली असतो. पाइप दिसायला ओढ्याला पूर यावा लागतो, आणि तोही एकदा आला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या पट्ट्यात आंबील ओढ्यानं जे केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. माणसं गेली, सोसायट्यांच्या सीमाभिंती आडव्या झाल्या, गाड्या काडेपेटीसारख्या एकमेकींवर चढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओळखीच्या दोन घरी मदतीला गेलो होतो. परत येताना अरण्येश्वरच्या पुलावर थांबलो. पाण्यानं काठाची माती खरवडून नेली होती आणि दोन्ही बाजूंनी पाइपांची तोंडं उघडी पडली होती. चार इंची, सहा इंची, नऊ इंची. कुठं सिमेंटचे, कुठं पीव्हीसीचे. एवढ्याशा अंतरात मी अकरा मोजले. त्यातले दोन माझ्या हातचे होते. आपण केलेला जोड माणूस लांबूनही ओळखतो. लोक चिखलातून गॅसच्या टाक्या आणि मुलांची दप्तरं शोधत होते आणि त्यांच्या शेजारी त्या पाइपांतून नेहमीसारखं काळं पाणी पडत होतं. पूर ओसरला होता, पण घरांतले नळ सुरू झाले होते. पाच-सहा आठवड्यांत भराव पडला आणि तोंडं पुन्हा झाकली गेली.

माझी धाकटी बहीण थेऊरच्या पुढच्या एका गावात दिली आहे. चिंतामणीच्या दर्शनाला गेलो की मी तिच्याकडे उतरतो. तिचं लग्न झालं तेव्हा त्या गावात नदीत पोहायला शिकलेली पोरं होती. मेहुणे मरळ मासा धरून आणायचे. आज त्यांची मोटर नदीतून ऊस भिजवते आणि पाणी धरायला गेलेल्या माणसाच्या पायाला रात्रभर खाज सुटते. सरीच्या कडेला पांढरा थर बसतो. प्यायला घरात विकतचे जार येतात. विहीर आहे, पण तिचं पाणी भांडी घासण्यापलीकडे कुणी वापरत नाही. हिवाळ्यात बंधाऱ्याखाली फेसाचे ढीग साठतात, वाऱ्यानं उडून रस्त्यावर येतात. मागच्या दिवाळीत भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती मला म्हणाली, "दादा, तुमच्याकडं पाणी सोडलं की आमच्याकडं वास येतो. तुम्ही तिथं हेच काम करता ना? काही करता येत नाही का रे?" तिला माहीत नव्हतं ती काय विचारते आहे. मी ताटात ओवाळणी टाकली आणि गप्प बसलो. हे पत्र लिहायला मी त्या दिवशी बसलो असतो तर बरं झालं असतं.

तिच्या गावापुढे मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. भीमा उजनीत जाते. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. आणि तिथून खाली तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. माझी आई सतरा वर्षं वारीला गेली. माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा आम्ही मिस्त्री लोक दरवर्षी वारकऱ्यांसाठी तात्पुरते नळ जोडून देतो, पैसे घेत नाही. आई परत येताना चंद्रभागेचं पाणी तांब्यात भरून आणायची आणि आम्हाला हातावर घालायची. पालखी रस्त्यानं जाते आणि आपल्या पुण्याचं मैलापाणी नदीनं जातं. दोघांचं ठिकाण एकच. आईच्या तांब्यात मी काय पाठवत होतो, हा विचार आला की मला तिच्या फोटोकडे बघवत नाही.

आता कामाचं बोलतो. हे कसं घडतं हे न समजता कितीही पैसे ओतले तरी नदीत फरक पडणार नाही.

रस्त्याखाली दोन वेगळ्या वाहिन्या असतात. एक ड्रेनेजची, तिच्यात संडास, मोरी, स्वयंपाकघर यांचं पाणी जायचं आणि शुद्धीकरण केंद्राकडे पोचायचं. दुसरी पावसाळी, तिच्यात फक्त छताचं आणि रस्त्याचं पाणी जायचं आणि ते थेट ओढ्यात, नदीत सोडायचं. पावसाळी वाहिनी सोपी. ती सहसा फार खोल नसते, जवळ असते, तिला झाकण आहे की जाळी आहे हे कुणी फारसं बघत नाही. ड्रेनेजचं चेंबर लांब असलं, वर असलं किंवा भरून वाहत असलं, की मैलापाणी पावसाळी वाहिनीला जोडून द्यायचं, ही आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी पळवाट आहे. वापरणाऱ्याला काही कळत नाही. फ्लश दाबला की पाणी गेलं. प्लंबरला पैसे मिळाले, मालकाचा खर्च वाचला. केंद्राकडे जायचं ते पाणी मात्र दोन मिनिटांत ओढ्यात उतरलं.

याच्या उलटही होतं, आणि त्याबद्दल तर कुणीच बोलत नाही. छताच्या पावसाळी पाण्याचे पाइप सोसायट्यांनी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेले असतात, कारण ते पार्किंगमध्येच असतं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की ड्रेनेजची वाहिनी तुडुंब होते, रस्त्यावरची झाकणं उचलतात आणि काळं पाणी रस्त्यावर, तिथून पावसाळी गटारात आणि मग नदीत. लोक म्हणतात ड्रेनेज तुंबलं. दर वेळी तुंबलेलं नसतं. त्याच्या अंगावर जे ओझं द्यायचं नव्हतं ते आपण दिलेलं असतं.

पाणी कुणाचं ऐकत नाही, ढाळाचं ऐकतं. चार इंची पाइपाला चाळीस फुटांमागे एक फूट ढाळ, सहा इंचीला साठ फुटांना, नऊ इंचीला नव्वद फुटांना. मामानं मला हे पहिल्या आठवड्यात पाठ करायला लावलं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्यातलं पाणी पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं, ना वीज ना पंप, फक्त ढाळावर. त्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे आतली हवा सुटायला बांधलेली उघडी तोंडं, मी पाहिले आहेत आणि पाहताना टोपी काढली आहे. ज्या शहरात अडीचशे वर्षांपूर्वी शुद्ध पाणी इतक्या नेमकेपणानं आत आलं, तिथं आज घाण पाणी नेमकेपणानं बाहेर नेता येत नाही. हे सांगताना मला लाज वाटते, कारण ढाळ चुकवणारे हात आमचेच आहेत. शहराचा सगळा ढाळ ओढ्यांकडे आहे: आंबील ओढा, नागझरी, भैरोबा नाला, तिकडे रामनदी. म्हणून मोठ्या मलवाहिन्या ओढ्यांच्या काठानंच टाकाव्या लागतात. आणि म्हणूनच वाहिनी फुटली, चेंबर चोंदलं, कुणी पळवाट काढली, की सगळं हमखास ओढ्यातच पडतं.

शहर वाढलं तेव्हा ही गोष्ट आणखी बिघडली. २०१७ मध्ये अकरा गावं पालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. आंबेगाव, धायरी, नऱ्हे इथं गावं आत येण्याच्या कितीतरी आधी सहा-सहा मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या, रस्त्यात ड्रेनेज नव्हतं. तिथं आम्ही काय केलं? सेप्टिक टँक बांधले. टँक भरला की टँकर बोलवायचा, तो मैला उपसून न्यायचा. कुठं नेतो हे विचारायचं नाही. पहाटे तीनला ओढ्याच्या कडेला उभा असलेला टँकर मी एकदा नाही, अनेकदा पाहिला आहे. मोठ्या सोसायट्यांना, वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असलं तर, स्वतःचं शुद्धीकरण केंद्र लागतं. तिथंही मी कामं केली. आत टाक्या, ब्लोअर, पॅनल सगळं असतं, आणि एका कोपऱ्यात एक व्हॉल्व्ह असतो, जो उघडला की पाणी केंद्रात न जाता सरळ बाहेर जातं. महिन्याचं वीजबिल आलं की तो व्हॉल्व्ह उघडतो. सगळीकडे असं होतं असं मी म्हणणार नाही. काही सोसायट्या ते पाणी झाडांना आणि फ्लशला वापरतात, त्यांचं केंद्र बघायला मला आनंद होतो.

आणि हे पाणी फक्त खालच्या गावांना त्रास देतं असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकिटवाडीकडे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले तेव्हा शहर हादरलं. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू आढळला आणि पाण्याकडे बोट गेलं. त्या दिवसांत मला रात्री झोप नव्हती. पिण्याचा पाइप आणि मैल्याचा पाइप एकाच चरात टाकलेले मी हजारदा पाहिले आहेत. दोन्हींत अंतर हवं आणि पिण्याचा वर हवा, हा साधा नियम. खोदाईचा खर्च वाचवायला तो मोडला जातो. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. नळ बंद असतो तेव्हा पाइप रिकामा होतो आणि आत ओढ बसते. शेजारचं चेंबर पाझरत असेल आणि नळाच्या जोडात केसाएवढी फट असेल, तर ती ओढ मैलापाणी आत घेते. सकाळी पहिली बादली गढूळ आली की आपण "थोडं सोडून द्या" म्हणतो. ते थोडं म्हणजे काय, हे मी चर उघडून पाहिलेलं आहे.

आता केंद्रांबद्दल. भैरोबा नाला, नायडू, बोपोडी, तानाजीवाडी, एरंडवणे, विठ्ठलवाडी, मुंढवा, खराडी, बाणेर या जुन्या केंद्रांची क्षमता मिळून दिवसाला ४७७ दशलक्ष लिटर. आणखी अकरा केंद्रं बांधायला २०१६ च्या जानेवारीत जपानच्या ‘जायका’ संस्थेशी कर्जाचा करार झाला. खर्च ९९० कोटी, क्षमता ३९६ दशलक्ष लिटर. ते काम २०२२ पर्यंत व्हायचं होतं. झालं नाही. मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा खर्च १४७० कोटींच्या वर गेला होता. त्याच वेळी नदीकाठ सुशोभीकरणाचंही भूमिपूजन झालं; एकूण ४४ किलोमीटर काठाचा तो आराखडा आहे. केंद्रं हवीतच. मी त्यांच्या विरोधात नाही. एका ओळखीच्या फिटरबरोबर मी एक केंद्र आतून पाहिलं आहे. जाळीत अडकलेल्या चिंध्या, पॅड, केसांचे गुंते माणसं हातानं काढतात. मग रेती बसते, मग मोठ्या टाकीत हवा सोडतात आणि जीवाणू घाण खातात. हवा थांबली की जीवाणू मरतात, म्हणून ती रात्रंदिवस सोडावी लागते. शेवटी जे पाणी पडतं ते मी ओंजळीत घेतलं होतं. त्याला वास नव्हता. हे होऊ शकतं, हे त्या दिवशी मला पटलं.

पण गिरणी कितीही मोठी बांधा, दळण गिरणीपर्यंत आलंच नाही तर पीठ कुठून पडणार? क्षमतेचे आकडे छापून येतात. केंद्राच्या दारात रोज प्रत्यक्ष किती मैलापाणी आलं, हा आकडा लोकांच्या डोळ्यांपुढे कुठंच नसतो. माझं एवढंच मागणं आहे की तो आकडा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा तपासणीचा निकाल केंद्राच्या फाटकावर, पेट्रोल पंपावर भाव लावतात तसा, रोज लागावा. आणि नदीकाठाला फरशी बसवायच्या आधी काठातून आत येणारी तोंडं शोधावीत. फरशीखाली गेलेलं तोंड पुन्हा शोधणं किती कठीण असतं हे दगड रचणाऱ्यालाच ठाऊक.

शोधायचं कसं? त्याला परदेशी यंत्र लागत नाही. एप्रिल-मेमध्ये, वैशाखवणव्यात, जेव्हा महिनोन्‌महिने पाऊस झालेला नाही, तेव्हा प्रत्येक ओढ्याच्या कडेनं वर चालत जायचं. ज्या पावसाळी वाहिनीच्या तोंडातून उन्हाळ्यात पाणी पडतं, ते पाणी पावसाचं नाही. मग वरच्या एकेका इमारतीच्या संडासात खाण्याचा रंग टाकायचा आणि खाली उभं राहायचं. रंग आला की जोड सापडला. पाच-दहा रुपयांची पुडी लागते.

आणि याहूनही सोपा मार्ग आहे: आम्हाला विचारा. शहराच्या नकाशावर नसलेले जोड प्लंबरांच्या डोक्यात आहेत. माझ्या बरोबरीचे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. काही गेले, त्यांच्याबरोबर त्यांच्या गल्ल्यांची माहितीही गेली. आज कुणी पुढे येत नाही, कारण दंडाची, लायसन्सची, पोलिसाची भीती. सहा महिन्यांची मुदत द्या. त्या मुदतीत जो प्लंबर, जी सोसायटी स्वतःहून चुकीचा जोड सांगेल तिला दंड नाही, दुरुस्तीची परवानगी आठ दिवसांत, रस्ता खोदाईचं शुल्क माफ. मुदत संपल्यावर जो सापडेल त्याला मात्र सोडू नका. मला शिक्षा करायची असली तर करा, माझी ना नाही; पण आधी पाइप तेवढा काढा.

पत्र लिहिण्याआधी आपण काही केलं पाहिजे असं मला वाटलं. म्हणून १९९८ च्या त्या इमारतीत मी गेलो. चेअरमन नवीन, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. कागदावर इमारत ड्रेनेजला जोडलेली आहे. त्यांना आणि सेक्रेटरींना मी ओढ्याच्या काठावर उभं केलं, मुलाला तळमजल्यावर हिरवा रंग घेऊन पाठवलं. चार मिनिटांत दगडांखालून हिरवं पाणी आलं. सेक्रेटरी बाई शाळेत शिक्षिका आहेत. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आम्ही दर वर्षी मुलांना घेऊन नदी स्वच्छतेला जातो हो." दोन मीटिंगा झाल्या. पहिलीत भांडण झालं, माझ्यावरही लोक ओरडले आणि ते बरोबरच होतं. दुसरीत घरटी अकरा हजार रुपये काढायचं ठरलं. खाली टाकी, दोन पंप, एक चालता एक राखीव, फ्लोट स्विच, आणि रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत नवी लाइन. मजुरी आम्ही घेतली नाही. अक्षय्य तृतीयेला पंप सुरू केला. ओढ्यातलं जुनं तोंड काँक्रीट भरून मी माझ्या हातानं बंद केलं. गुडघ्यांमुळे मला उतरवत नव्हतं, तर सोसायटीच्या दोन पोरांनी धरून उतरवलं.

चौदापैकी असे तीन झाले. पाच ठिकाणी दारातूनच परत पाठवलं. त्यातल्याच एका ठिकाणी "इतकी वर्षं चाललंय, आता का उकरता" असं म्हणाले. बाकीच्या सहा ठिकाणी अजून जायचं आहे. उरलेल्या अकराही जागांची यादी, पाइप किती इंची आणि तोंड कुठं आहे यासह, वेगळ्या कागदावर या पत्राला जोडली आहे. ती कृपया छापू नका. तिथं राहणाऱ्या लोकांचा यात दोष नाही. पण हे पत्र वाचून ज्या अधिकाऱ्याला ती हवी असेल त्याला जरूर द्या. खुणा दाखवायला मी बरोबर येईन. सकाळी सातच्या आत बोलवावं, उन्हात मला फार चालवत नाही.

आपला,
एक निवृत्त प्लंबर, धनकवडी, पुणे
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे.)